तो काय म्हणतोय?

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. बहिणीपाशी नाही, मैत्रिणींपाशी नाही, आणि ज्याच्यापाशी बोलायला हवी होती त्याच्यापाशी तर नाहीच. तुमच्याशी बोलतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या फ्रँकफर्टच्या गणपतीत भेटलात, तर माझ्या हातचा शिरा खाऊन म्हणाल, किती छान संसार केलात हो परक्या देशात. सगळे म्हणतात. मी हसते आणि अजून थोडा वाढते.

कुठून सुरुवात करू? अपघातापासून केली तर मला सोपं जाईल. बर्फ, घसरडा रस्ता, नशीब — झालं. पण मग ती बर्फाची गोष्ट होईल. म्हणून आधी सुहासबद्दल.

सुहास माझा नवरा. मी सॉफ्टवेअरच्या नोकरीवर आधी एकटी इकडे आले, तो दोनेक वर्षांनी. पुण्यात तो एका औषध कंपनीत एरिया मॅनेजर होता. सातारा, कराड, कोल्हापूर, खाली चिपळूणपर्यंत सगळा भाग त्याचा, आणि सगळा गाडीने. कुंभार्ली घाटात धुक्यात गाडी चालवताना तो शीळ घालायचा. लग्न ठरलं तेव्हा माझे बाबा त्याच्या शेजारी बसून एकदा महाबळेश्वरला गेले आणि घरी येऊन आईला म्हणाले, पोरगा गाडी चालवतो त्यावरून कळतं, संसार नीट करेल.

तर असा माणूस नोकरी सोडून माझ्यामागे फ्रँकफर्टला आला. आणि इथे आल्यावर तो मुका झाला. तुम्ही इकडे राहिला असाल तर कळेल तुम्हाला. बेकरीत पाव मागायचा तर मी. डॉक्टरकडे मी. आन्मेल्डुंग करायला — म्हणजे राहत्या पत्त्याची नोंद करायला — मी. शेजारची बाई जिन्यात काही बोलली की तो माझ्याकडे बघायचा आणि विचारायचा, ‘काय म्हणतेय?’ दिवसभर ऑफिसात मीही त्याच भाषेशी झगडत असायचे. घरी आल्यावर पुन्हा ते, ‘काय म्हणतोय?’, ‘काय म्हणतेय?’ सुरुवातीला मी शब्द न् शब्द सांगायचे. मग थोडक्यात सांगू लागले. मग ‘काही नाही रे, असंच’ म्हणू लागले. तो पुन्हा विचारायचा नाही. भाषा ज्याच्या हातात असते ना, त्याला एक सवय लागते. दुसऱ्याला किती कळू द्यायचं हे तो ठरवायला लागतो. मला ती फार लवकर लागली.

त्याला निदान एक गोष्ट स्वतःची मिळावी म्हणून आम्ही गाडी घेतली. माझ्या ऑफिसातला एक जर्मन सहकारी दुसऱ्या शहरात चालला होता, त्याची जुनी गाडी. माझं भारतातलं लायसन्स इथे बाद झालं होतं. सुहास नवा आलेला, त्याला पहिले सहा महिने चालवायची मुभा होती. किल्ली हातात घेतली तेव्हा त्याचा चेहरा किती दिवसांनी उजळला, ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, हे मुद्दाम सांगतेय.

गाडी देताना त्या सहकाऱ्याने मला नीट समजावून सांगितलं होतं. गाडीला आत्ता उन्हाळी टायर आहेत. हिवाळ्याचे चार तळघरात ठेवलेत, थंडी पडायच्या आत येऊन घेऊन जा आणि गॅरेजमध्ये बदलून घ्या. मी ‘या, या’ — म्हणजे हो, हो — करत मान हलवली. सगळं कळलं होतं मला. मग ऑफिसात काम वाढलं, तो सहकारी घर सोडून गेला, जाताना टायर खालच्या भाडेकरूकडे ठेवून गेला, त्या भाडेकरूला फोन करायचा होता — आणि मी केला नाही. एवढंच. मोठं कारण शोधू नका, मीही शोधून पाहिलंय.

नोव्हेंबरात सुहासला कुणा मराठी मित्राकडून कळलं की इथे थंडीत टायर बदलावे लागतात. त्याने मला विचारलं. मी लॅपटॉपवर होते. वर न बघताच सांगितलं, हे सगळ्या ऋतूंचे आहेत, गाडी देणारा म्हणालाय तसं. पुन्हा पंधरा दिवसांनी त्याने विचारलं, नक्की ना? मी चिडले. म्हटलं, तुला जर्मन येतं की मला?



त्या डिसेंबरात सुहासच्या आई आमच्याकडे आल्या. त्या वाईच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण बाई अजून शिक्षिकाच. विमानातून उतरल्या उतरल्या त्यांनी मला विचारलं, इथली माती कसली आहे? मला काय माहीत! सुहास हसला. त्याने आधीच शोधून ठेवलं होतं. फ्रँकफर्टच्या ईशान्येला फोगेल्सबर्ग म्हणून डोंगराळ भाग आहे — जुना, विझलेला ज्वालामुखी. सगळा डोंगरच लाव्ह्याचा, आता तिथे निसर्ग उद्यान आहे, थंडीत बर्फ पडतं. आईंनी उभा जन्म पोरांना ज्वालामुखी शिकवला होता, फळ्यावर रंगीत खडूने काढला होता. बघितला नव्हता. सुहास म्हणाला, मी दाखवतो तुला.

कितीतरी महिन्यांनी तो ‘मी’ म्हणाला होता. रस्ता त्याने शोधला, थांबायच्या जागा त्याने ठरवल्या, थर्मासमध्ये चहासुद्धा त्यानेच भरला. मी फक्त मागे — नाही, मी पुढे बसले, त्याच्या शेजारी. आई मागे उजवीकडे, शाल गुंडाळून.

निघताना मला टायर आठवले का?

हो. आठवले. तुम्हाला वाटलं असेल, विसरली असेल बिचारी. सकाळी गाडीत बसताना चाकाजवळ थोडं बर्फ साचलेलं दिसलं आणि मला स्पष्ट आठवलं. तोंड उघडलं असतं तर सहल रद्द झाली असती. आणि मी खोटं बोलले होते हे बाहेर आलं असतं. मी पट्टा लावला. म्हटलं, चला.

दिवस फार सुंदर गेला, हे सांगायलाही मला जड जातंय. सपाट शेतं संपली, रस्ता चढू लागला, दोन्ही बाजूंना बीच जातीची उघडी झाडं आणि त्यावर पांढरं. वर होहेरोड्सकोप्फ नावाच्या शिखरापाशी गाडी लावून आम्ही थोडं चाललो. बर्फातून काळे खडक डोकं काढून उभे होते. आईंनी हातमोजा काढला आणि खडकावर तळवा ठेवला. मग म्हणाल्या, ‘अरे सुहास, हा तर आपला दगड. बेसाल्ट. आपल्या पांडवगडाचा आणि याचा जन्म एकच.’ आणि तिथे, त्या थंडीत, त्यांनी आम्हा दोघांना सह्याद्री कसा झाला ते शिकवलं. थरावर थर. सुहास शाळकरी मुलासारखा प्रश्न विचारत होता. बाजूने बर्फावर घसरायच्या स्लेज ओढणारी जर्मन कुटुंबं जात होती, तीही हसून बघत होती. सुहासने शीळ घातली — इकडे आल्यापासून पहिल्यांदा.

परतताना शॉटन गावाच्या बाजूने उतार लागतो. दुपार टळली होती, ऊन होतं, पण एका वळणावर झाडीची सावली पडली होती आणि तिथलं बर्फ घट्ट झालं होतं. सुहास हळू होता. हे नीट ऐका — तो हळू होता. मागच्या गाडीने आम्हाला दिवे दाखवून ओलांडलं, इतका हळू. वळणाआधी त्याने ब्रेकवर अलगद पाय ठेवला आणि गाडी ऐकेनाशी झाली. वेग नव्हताच, गाडी नुसती वाहत गेली. त्याने जे करायचं ते सगळं केलं. मी त्याचे हात बघत होते. मागची उजवी बाजू झाडावर जाऊन आदळली.

आई ओरडल्या नाहीत. ‘आई गं’ एवढंच म्हणाल्या, हळू.

फोन मी केला. भाषा माझी ना. अँब्युलन्स आली, तिच्यापाठोपाठ पोलिसांची गाडी. आईंना स्ट्रेचरवर घेऊन गुंडाळत होते. सुहास त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला होता, पँट भिजलेली, आणि एकसारखं म्हणत होता, काही नाही आई, काही नाही. एक पोलीस गाडीभोवती फिरला. वयस्कर होता, पांढऱ्या मिशा. चाकापाशी वाकला, टायरवरून अंगठा फिरवला. मग उठून सुहासपाशी आला. सुहास उभा राहिला. पोलिसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोलला.

तो काय बोलला ते मी तुम्हाला शब्दशः सांगते. त्या दिवशी सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. तो म्हणाला, हे उन्हाळी टायर आहेत. या बर्फावर यांना पकडच नसते. या टायरांवर मीसुद्धा गाडी थांबवू शकलो नसतो. तुम्ही हळू होतात हे खुणांवरून दिसतंय, म्हणून तुमची आई जिवंत आहे. दंड मात्र होईल, तो नियम आहे.

सुहासने माझ्याकडे बघितलं. ‘तो काय म्हणतोय?’

मी क्षणभर विचार केला असं म्हटलं तर तेही खोटं होईल. विचार करावाच लागला नाही. सवयीनं झालं. मी म्हटलं, ‘म्हणतोय, वेग जास्त होता. बर्फाचा अंदाज चुकला तुझा.’

तो म्हणाला, ‘त्याला सांग ना. मी हळू होतो. मंजिरी, तू बघितलंस ना, सांग ना त्याला, मी हळू होतो.’

मी पोलिसाकडे वळले आणि विचारलं, कुठल्या हॉस्पिटलला नेताय? त्याने गावाचं नाव सांगितलं. सुहास माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, ‘सांगितलं. तो म्हणतो, सगळे असंच म्हणतात.’

हे शेवटचं मी का जोडलं? पहिल्या खोट्याला कारण होतं, ते भित्रं का होईना, कारण होतं. ‘सगळे असंच म्हणतात’ — याची गरज काय होती? मला आजही कळलेलं नाही. सुहासने मान खाली घातली. त्या माणसाला मी त्यानंतर ताठ मानेने चालताना पाहिलेलं नाही.

आईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, नीट झालं म्हणाले, पण त्या वयात कितपत नीट होणार. बरेच दिवस त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. सुहास रोज ट्रेन आणि बस बदलून जायचा. त्यांचे पाय चेपायचा, आणि त्यांच्या नजरेला नजर द्यायचा नाही. आई त्याला म्हणायच्या, अरे, तुझी काही चूक नाही. तो मला घरी येऊन सांगायचा, आई आहे ना, ती असंच म्हणणार.

एका रविवारी मी एकटीच गेले होते. आईंना उशी लावून बसवलं, सफरचंद कापून दिलं. त्या खिडकीतून बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, ‘मंजू, तो पोलीस रागावला नव्हता गं.’

मी म्हटलं, ‘म्हणजे, आई?’

‘मी पडल्या पडल्या बघत होते. दोष देणारा माणूस असा खांद्यावर हात ठेवत नाही. पस्तीस वर्षं पोरांना रागावलेय मी, मला कळतं. काय म्हणत होता तो?’

बघा. दार उघडं होतं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं. त्यांनी मला मारलं नसतं, घराबाहेर काढलं नसतं, कदाचित सुहाससमोर माझी बाजूही घेतली असती — तशी बाई होती ती. मी म्हटलं, ‘अहो आई, इथले लोक असेच. रागावले तरी हळू बोलतात.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बशीतली एक फोड उचलून मला दिली. ‘तूही खा,’ म्हणाल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. त्या मला कधी टोचून बोलल्या नाहीत, की फोनवर त्यांचा आवाज बदलला नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

पुढे पोलिसांकडून कागद आले. सुहासच्या नावाने होते, पण वाचायचे मलाच. मी तोंडाने दुसरंच वाचून दाखवलं आणि जिथे बोट ठेवलं तिथे त्याने सही केली. टायरचं काय, त्याने विचारलं नाही. त्याच्या डोक्यात टायर राहिलेच नव्हते. गाडी आम्ही भंगारात दिली. त्याच्या लायसन्सची मुदत संपली, इथलं काढायचं त्याने नाव काढलं नाही. पुढे मी शिकले, मी काढलं. आता मी चालवते आणि तो शेजारी बसतो, दोन्ही हात मांडीवर ठेवून. आमची मुलगी त्यानंतर झाली, इथेच वाढली. ती जर्मनमधून विचारते, बाबा का नाही चालवत कधी? तो मराठीत सांगतो, बाबाला जमत नाही गं.

इथे थांबले तर बरं होईल. आतापर्यंतचं ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरली, खोटं बोलली, अडकली. माणसाचं होतं असं. पण मी तुम्हाला इथवर आणलं ते पुढचं सांगायला.

आई वाईला परत गेल्या. वॉकर घेऊन घरात चालायच्या तेवढंच. सुहासची बहीण सुनंदाताई साताऱ्याहून येऊन-जाऊन बघायची, तिचाही संसार होता. सुहासने मला सांगितलं, मी परत जातो. आईपाशी राहतो, तिकडेच काहीतरी नोकरी बघतो, तू इकडे राहा, वर्षभराने ठरवू. त्याने हे फार दिवस मनात घोळवलं असणार, कारण बोलताना त्याचा आवाज जुना वाटत होता, पुण्यातला. आणि मला राग आला. मी तेव्हा चार महिन्यांची गरोदर होते. एकटी पडेन ही भीती होती, हे खरं. पण भीती वाटली तर माणूस ‘जाऊ नको’ म्हणतो. मला ‘जाऊ नको’ म्हणता आलं असतं. तो थांबला असता.

मी म्हटलं, ‘कुठल्या तोंडाने जाणार आहेस? त्यांना त्या वॉकरवर कुणी आणलं?’

हे मी म्हटलं. टायर मला माहीत होते. पोलिसाचा शब्द न् शब्द मला पाठ होता. आणि तरी मी हे त्याच्या तोंडावर म्हटलं, शांतपणे, भांडी पुसता पुसता. ते लागेल हे मला पक्कं माहीत होतं, म्हणूनच म्हटलं. खोटं एकदा बोलून मी लपले होते, ते एक वेळ समजता येईल. पण मी ते जपून ठेवलं आणि हवं तेव्हा काढून वापरलं.

सुहासने जाण्याचं नाव पुन्हा काढलं नाही. जर्मनचे क्लास लावले, विमानतळावर कार्गोमध्ये नोकरी धरली. आता तो माझ्याइतकंच जर्मन बोलतो, मधूनमधून ‘गेनाऊ’, ‘आल्झो’ असे त्यांचे शब्द पेरतो. पण त्या दिवशीचे पोलिसाचे शब्द त्याला आठवायचा प्रश्न नाही. तेव्हा त्याच्यासाठी ती भाषा नव्हती, नुसता आवाज होता. त्याला आठवतं ते माझं मराठी.

दरवर्षी एकदा, फार तर दोन आठवडे, तो वाईला जायचा. मागच्या वर्षी आई गेल्या. सकाळी सुनंदाताईचा फोन आला आणि पहिलं मिळेल ते विमान धरूनही तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. मुलीच्या शाळेमुळे मी गेले नाही. तेराव्यानंतर तो परत आला. मी विमानतळावरून त्याला गाडीने घरी आणलं. वरण-भात केला होता, लिंबू कापून ठेवलं होतं. मुलगी शाळेत होती. आम्ही दोघंच समोरासमोर बसलो.

त्याने भातावर लिंबू पिळलं. मग म्हणाला, ‘आईने शेवटपर्यंत मला कधी दोष दिला नाही, मंजिरी. एका शब्दाने नाही.’ लिंबाची फोड कडेला ठेवत म्हणाला, ‘तूसुद्धा नाही. एकदाच बोललीस. आणि ते खरंच होतं.’

टेबल एवढंसं. मी हात पुढे केला असता तर त्याच्या हाताला लागला असता. आई गेल्या होत्या, आता त्या दुखावल्या जाण्याचा प्रश्न नव्हता. पोलीस नाही, कागद नाही, भीती घालणारं कुणी नाही. एक वाक्य बोलायचं होतं, तेही मराठीत.

मी म्हटलं, ‘भात गार होतोय, जेवून घे.’

आणि तो जेवला.